‘लवकरच आपल्या सेवेत’ : नांदेड-लातूरच्या एका प्रतीक्षेचा इतिहास

मराठीतील ‘बसणे’ या क्रियापदाला गेल्या काही दशकांत एक नवा अर्थ चिकटला आहे. ‘आज बसायचं का?’ या प्रश्नात खुर्चीचा उल्लेख नसतो, पेल्याचाही नसतो; तरी विचारणाऱ्याला आणि ज्याला विचारले त्याला काय ते नेमके कळते. दारू पिण्याच्या क्रियेतून भाषेने पिणे वगळले आणि बसणे तेवढे ठेवले. याकडे निव्वळ शिष्टाचारातली पळवाट म्हणून पाहणे आम्हाला पुरेसे वाटत नाही. नांदेडला तरोडा नाक्याच्या पुढे किंवा लातूरला औसा रोडवर हिरव्या जाळीआड एखादी इमारत उभी राहू लागते, तिच्यावर ‘फॅमिली रेस्टॉरंट अँड बार, लवकरच आपल्या सेवेत’ असा फ्लेक्स झळकतो, आणि मग पुढचे काही महिने स्टाफरूमपासून अडत दुकानापर्यंत ‘ते कधी सुरू होतंय’ ही चौकशी चालू राहते. या चौकशीत दारूची ओढ असेल, पण तेवढीच असती तर ती इतकी उघडपणे झाली नसती. दारू या मुलखात कधीच दुर्मीळ नव्हती. कायद्याने ती बंद होती तेव्हाही नव्हती. दुर्मीळ होती ती बसण्याची जागा. कोणी, कोणाशेजारी, कोणाच्या नजरेसमोर बसायचे, या प्रश्नाचा मराठवाड्यातला इतिहास पुण्या-मुंबईच्या इतिहासाहून वेगळा आहे.

सप्टेंबर १९४८ पर्यंत ही दोन्ही शहरे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. नांदेड हे जिल्ह्याचे ठाणे होते, लातूर ही उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यातली भरभराटीची पेठ होती, तर आज लातूर जिल्ह्यात असलेले उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात मोडत. संस्थानच्या तिजोरीला जमीन महसुलाखालोखाल ज्या खात्यांचा मोठा आधार होता त्यांत आबकारी हे एक. शब्द फारसी आहे. त्यातल्या ‘आब’चा अर्थ पाणी. सरकारी कागदावर या खात्याचे नाव आता ‘राज्य उत्पादन शुल्क’ झाले असले तरी आमच्याकडची जुनी माणसे अजूनही ‘अबकारीवाले’ असेच म्हणतात. या आबकारीचा मुख्य आधार होता शिंदीचे झाड. झाडागणिक कर, मक्त्यांचे लिलाव, मक्तेदाराची दुकाने अशी ती व्यवस्था होती. पूर्वेकडे, तेलंगणाला लागून असलेल्या बिलोली-देगलूर-धर्माबादच्या पट्ट्यात शिंदी अधिक. उत्तरेला किनवट-माहूरच्या रानात मोहाची.

शिंदीखाना गावाबाहेर असे. तिथे छत असलेच तर पाचोळ्याचे, आणि बसणे जमिनीवर. दिवसभर रानात राबलेला मजूर, गाडीवान, हमाल संध्याकाळी तिथे जाई. ज्यांना प्रतिष्ठा जपायची होती ती मंडळी तिथे दिसत नसत. त्यांच्या घरी पेय मागच्या दाराने येई. म्हणजे या प्रदेशात दारू पिण्याची पहिली सार्वजनिक बैठक कष्टकऱ्यांची होती आणि ती उघड्यावर होती. उघड्यावर होती म्हणूनच ती हीन ठरली. पुढच्या सगळ्या इतिहासात ही गाठ सुटलेली दिसत नाही.

१९४७ साली स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा निर्णायक लढा सुरू झाला तेव्हा जंगल सत्याग्रह, लेव्हीला विरोध, करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले यांच्या जोडीने आणखी एक कार्यक्रम राबवला गेला : शिंदीची झाडे तोडणे. यात दोन हेतू एकत्र आले होते. एक गांधीवादी व्यसनमुक्तीचा, दुसरा निव्वळ डावपेचाचा, निजामाच्या उत्पन्नावर घाव घालण्याचा. आर्य समाजाचे काम उदगीर-लातूर भागात आधीपासून रुजलेले होते आणि मद्यनिषेध हा त्याच्या आचाराचा भाग होता. त्यामुळे या कार्यक्रमाला नैतिक पाठबळ आयते मिळाले. मुक्तिसंग्रामाच्या आठवणी लिहिणाऱ्यांनी ही झाडतोड अभिमानाने नोंदवली आहे, आणि तो अभिमान रास्तही आहे. पण विद्यार्थ्यांना हा भाग शिकवताना आम्ही एक प्रश्न मुद्दाम पुढे ठेवतो. ज्या माणसाची संध्याकाळ त्या झाडाखाली जात होती आणि ज्याचे पोट त्या झाडावर चढण्यावर होते, त्याने कुऱ्हाडीकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल? आपल्या आठवणींच्या वाङ्मयात तो माणूस बोलत नाही.

शिंदीखान्याला समांतर दुसरी एक बैठक वाढत होती, ती चहाच्या हॉटेलची. १९०० साली हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे नांदेडला आली, १९११ साली बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली, आणि रेल्वेमागोमाग उतारू, व्यापारी, वकील, त्यांच्यासाठी खानावळी आणि हॉटेले आली. ‘हॉटेल’ म्हणजे आमच्याकडे अजूनही चहा-भज्यांचे दुकान, मुक्कामाची जागा नव्हे; मुक्कामाला ‘लॉज’. १९१७ साली लातूरची गंजगोलाई उभी राहिली. सोळा रस्ते जिथे येऊन मिळतात अशा त्या वर्तुळात बाजाराच्या दिवशी सगळ्या जातिधर्मांची माणसे खांद्याला खांदा लावून फिरत. हॉटेलात शिरताना मात्र खांदे वेगळे होत. दलितांसाठी वेगळी कपबशी, ती ज्याची त्याने विसळून ठेवायची, बसायचे तर बाहेर. ही रीत मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ टिकली. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) हे उदगीर परिसरातले आत्मकथन वाचताना भुकेइतकाच हा अंतराचा प्रश्नही मनात ठेवावा, असे आम्ही सुचवतो. अन्न मिळणे आणि अन्नापाशी बसता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लातूर तालुक्यातील धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ (१९८७) हा प्रश्न आणखी पुढे नेते.

नांदेडकरांसमोर याला छेद देणारे उदाहरण मात्र कायम होते. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांचे इथे निर्वाण झाले. महाराजा रणजितसिंगांच्या काळात, १८३२ ते १८३७ या वर्षांत, आजच्या सचखंड श्री हुजूर साहिबची वास्तू उभी राहिली. तिथल्या लंगरमध्ये येणाऱ्याला जात विचारली जात नाही. सगळे एका पंगतीत जमिनीवर बसतात. मराठीतही ‘पंगत’ शब्द आहे, वारकरी परंपरेत तिचा गौरवही आहे, पण आपल्या गावच्या पंगतीला अनेकदा पाठीमागची एक वेगळी रांग असे. एकाच शहरात दीड-दोन मैलांच्या अंतरावर या दोन्ही पद्धती नांदत होत्या आणि एकीने दुसरीला फारसे बदलले नाही, याचे आम्हाला नेहमी नवल वाटत आले आहे.

आता दारूबंदीकडे येऊ. मुंबई राज्यात मोरारजी देसाईंच्या आग्रहाने १९४९चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला आणि १९५० पासून संपूर्ण दारूबंदी लागू झाली. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. इथे अबकारीची दुकाने चालूच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात सामील झाला आणि १९५९ साली हा अधिनियम नव्या प्रदेशांनाही लागू करण्यात आला. म्हणजे मराठवाड्यापुरते बोलायचे तर मराठी भाषकांच्या एकत्रीकरणाबरोबरच दारूबंदीही आली. १९४७ साली जी झाडे सत्याग्रहींनी तोडली, त्यांच्यावर आता कायद्याने कुऱ्हाड पडली. परिणाम महाराष्ट्रभर झाला तोच इथेही झाला. उघड दुकान गेले, हातभट्टी आली. बैठक गेली आणि आडोसा आला.

‘परमिट रूम’ हा शब्द त्याच काळाची निशाणी आहे. दारूबंदीच्या राज्यात ज्याला प्रकृतीच्या कारणास्तव मद्य आवश्यक असल्याचे मान्य होई त्यालाच परमिट मिळे, आणि असा परमिटधारक ज्या खोलीत बसून पिऊ शकतो ती परमिट रूम. काही भाषांत मद्यालयाला पेयाचे, पिंपाचे किंवा फळीचे नाव मिळते; ‘बार’ हा शब्दही मुळात एका आडव्या दांड्याचा. मराठी शहरांनी आपल्या मद्यालयाला परवान्याचे नाव दिले. १९६०च्या दशकात बंदी सैल होऊ लागली, १९७३ साली देशी दारूचे नियम आले, आणि परमिट रूमच्या पाट्या गावोगाव दिसू लागल्या. पण कायदा रद्द झाला नाही. आजही महाराष्ट्रात जो कोणी बार उघडतो तो ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ असे नाव असलेल्या कायद्याखालीच परवाना घेतो आणि तिथे बसणाऱ्यानेही कागदोपत्री स्वतःचे परमिट काढायचे असते : एका दिवसाचे, वर्षाचे किंवा आजीवन. बियर-वाइनला वयाची एकवीस वर्षे, इतर मद्याला पंचवीस. विडंबनकाराला याहून चांगला विषय मिळणार नाही.

परमिट रूमची जी अंधारी रचना आम्ही तरुणपणी पाहिली, काळ्या काचा, जड पडदा, दुपारीही जळणारा लाल दिवा, ती याच इतिहासातून आली. कायद्याने ज्याला आजारी मानले तो माणूस लपूनच बसणार. शिंदीखान्यात बसणारा मजूर हीन ठरला होता तो उघड्यावर बसला म्हणून. परमिट रूममधला मध्यमवर्गीय अपराधी ठरला तो झाकून बसला म्हणून. ‘लवकरच आपल्या सेवेत’चा फ्लेक्स पाहून आज ज्याचे डोळे लकाकतात, त्याला या दोन्हींतून सुटका हवी आहे. दर्शनी भागाला काच हवी, दिवे पांढरे हवेत, बाहेर गाडी लावायला जागा हवी, आणि कोणी ओळखीचा दिसला तर मान खाली घालावी लागू नये.

इथे ‘एकच प्याला’ची आठवण अपरिहार्य आहे. गडकऱ्यांच्या निधनानंतर १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाने मराठी मनातला दारुड्या कायमचा घडवला. त्याआधी १९१३ साली खाडिलकरांनी ‘विद्याहरण’मध्ये शुक्राचार्यांच्या मद्यपानाची कथा रंगवली होती, पण ती पुराणातली, सुधाकर हा मात्र शिकलेला, वकिली करणारा, आपल्यातला. नाटक सिंधूच्या दुःखावर उभे आहे हे खरे, तरी वर्गात सगळ्यांत जास्त हशा पिकतो तो तळीरामाच्या ‘आर्य मदिरा मंडळा’च्या प्रवेशांना. हे मंडळ म्हणजे तरी काय? सभासदत्व, नियम, भाषणे असलेली, सभ्य संस्थेचे सगळे सोपस्कार उचललेली बैठक. दारू ही एकट्याची नसून मंडळाची गोष्ट आहे आणि मंडळाला प्रतिष्ठेची भूक असते, हे गडकऱ्यांनी ओळखले होते. सुधाकराच्या अधःपतनाबद्दल शंभर वर्षे लिहिले गेले. तळीरामाच्या या संस्थात्मक महत्त्वाकांक्षेकडे मात्र समीक्षेने विनोद म्हणून पाहिले आणि ती पुढे गेली, अशी आमची तक्रार आहे.

प्रतीक्षेचे रूप गेल्या पंचवीस वर्षांत पालटले ते रस्त्यांमुळे. नांदेडला २००८ साली गुरू-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. त्यानिमित्ताने रस्ते रुंदावले, विमानतळ सजला, देशविदेशातून येणाऱ्या यात्रेकरूंसाठी निवासाच्या सोयी वाढल्या, आणि शहराला प्रथमच आपण ‘बाहेरच्या नजरेला’ कसे दिसतो याची सवय लागली. लातूर १६ ऑगस्ट १९८२ रोजी स्वतंत्र जिल्हा झाले. अडत बाजाराच्या जोडीला ‘लातूर पॅटर्न’ आला, आणि शिकवणीवर्गांसाठी आलेल्या मुलांच्या मेस, वसतिगृहे, चहाच्या टपऱ्या यांनी शहराचा एक भाग व्यापला. त्यांचे आईवडील भेटायला येतात, तेव्हा जेवायला कुठे न्यायचे हा प्रश्न पडतो. निलंगा राईस गाड्यावर उभे राहून खाता येतो. वडिलांना तसा खायला घालता येत नाही.

या धंद्याची एक अडचण वाचकांना ठाऊक नसेल. वाइन शॉपचे नवे परवाने देणे राज्याने १९७०च्या दशकातच जवळजवळ थांबवले. जुनेच परवाने हस्तांतरित होतात, स्थलांतरित होतात. त्यामुळे शहरात काही ‘नवे’ उघडायचे तर ते बहुधा बसून पिण्याचे, म्हणजे एफएल-३ परवान्याचे असते. त्यासाठी जागेची तपासणी होते, शाळा, महाविद्यालय किंवा धार्मिक स्थळापासून ७५ मीटर अंतर आहे का ते पाहिले जाते. नियमाला मान्यताप्राप्त शाळा दिसते, खासगी शिकवणीवर्ग दिसत नाही. लातूरसारख्या शहरात या एका व्याख्येने पुष्कळ काही ठरून जाते. कागद जिल्हाधिकारी कार्यालयात फिरत असताना मालक थांबत नाही. तो सत्यनारायण घालून, नेत्यांच्या हस्ते फीत कापून ‘फॅमिली रेस्टॉरंट’ सुरू करतो. निमंत्रणपत्रिका लग्नाच्या वळणाची असते. वर कुलदैवत, मध्ये कै. आजोबांची छबी, खाली ‘सहकुटुंब सहपरिवार अगत्य यावे’. ‘बार’ हा शब्द तेवढा पाटीवर कापडाने झाकलेला. गावाची खरी प्रतीक्षा सुरू होते ती उद्घाटनानंतर, ते कापड कधी निघते याची. ही पत्रिका एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार म्हणून अभ्यासण्याजोगी आहे, एम.ए.च्या एखाद्या लघुप्रबंधाला विषय हवा असेल तर तो येथे आहे.

२०१७ साली या प्रतीक्षेला वेगळाच धक्का बसला. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, हा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१६चा आदेश १ एप्रिलपासून अमलात आला आणि ज्या शहरांचा विस्तारच महामार्गाच्या दोन्ही अंगांनी झाला त्यांतले बार एका रात्रीत बंद झाले. पुढे महापालिका-नगरपालिका हद्दीबाबत न्यायालयाने सवलत दिली आणि दिवे पुन्हा लागले. त्या मधल्या काही महिन्यांत लोक ‘बसायचे’ थांबले का? ते गाडीत बसले, शेतावर बसले, मैदानाच्या कडेला बसले. जागा गेली की क्रिया उघड्यावर येते, एवढे त्यातून दिसले.

आता ‘फॅमिली’ या शब्दाविषयी, कारण या सगळ्या प्रतीक्षेत तो सर्वांत अवघड शब्द आहे. आमच्याकडे ‘फॅमिली’ म्हणजे कुटुंब नव्हे, बायको. ‘फॅमिलीला घेऊन आलो’ असे म्हणतात. ‘फॅमिली सेक्शन’ म्हणजे बाई जिथे बसली तरी चालते ती जागा. पाटीवरचा हा शब्द पुरुषालाही सोयीचा आहे, कारण त्यामुळे सगळ्या इमारतीलाच सभ्यपणा येतो. बाईला मात्र त्याच इमारतीविषयी बोलण्याचा दुसरा मार्ग राज्याच्या नियमांनी दिला. २००८च्या आदेशानुसार गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान हटवायचे तर आडवीवर शिक्का मारायचा. केवळ आलेल्यांची बहुसंख्या पुरत नाही, यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्यांहून अधिक मते आडवीला पडावी लागतात. रोजंदारी बुडवून, घरातल्याचा रोष ओढवून मतदानाला येणाऱ्या बायकांना ही अट किती जड जाते हे सांगायला नको. केवळ चित्र पाहून मत देता येईल अशी, अक्षरशत्रू बाईलाही पूर्ण वाचता येणारी मतपत्रिका या प्रश्नावर वापरली जाते, याची नोंद साहित्याच्या अभ्यासकांनी घ्यावी. या बायकांचा विरोध जागेला आहे की पिण्याला, असे विचारले तर उत्तर सोपे नाही. दुकान हटले तर नवरा लांब जाऊन पिईल हे त्यांनाही कळते. पण आपल्या दारासमोर त्याच्या बसण्याला मान मिळू नये, एवढे तरी त्यांना हवे असते.

२०१६च्या उन्हाळ्यात ‘आब’ आणि ‘आबकारी’ एकमेकांसमोर आले. १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन दहा वाघिणींची पहिली गाडी लातूरला पोचली. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य आणि बियर कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश दिला. मद्यनिर्मितीसाठीची कपात १० मेपासून ६० टक्क्यांवर नेण्यास सांगितले. ज्या शहरात घागरींच्या रांगेत रात्री जात होत्या, तिथेही ‘लवकरच’ची पाटी होती, आणि तिच्याकडे पाहणारी माणसे निर्दय नव्हती. पाण्याच्या रांगेत उभे राहून आलेल्या माणसाला कुठे तरी बसावेसे वाटते, हे आम्ही समजू शकतो. त्या रांगेतल्या बहुसंख्य बायका होत्या आणि त्यांच्यासाठी अशी जागा कोणी बांधत नव्हते, हेही.

२०२२ साली दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. पाटीवरचे मराठी अक्षर इतर लिपींहून लहान नको, आणि मद्यविक्री होते त्या जागेला महापुरुषांचे, महनीय स्त्रियांचे वा गडकिल्ल्यांचे नाव नको, असे त्यात आले. त्यामुळे नव्या पाट्यांवर फुलांची, नक्षत्रांची आणि मालकाच्या मुलांची नावे वाढली आहेत. ‘रेस्टॉरंट अँड बार’ हे शब्द आता ठळक देवनागरीत वाचायला मिळतात. आत दोन दालने असतात. फॅमिलीचे दार रस्त्याकडे, काचेचे. परमिट रूमला बाजूचा जिना.